चोराचा नसेल तर नंबर ठेवता कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवर तुमच्या पेपरात जे आलं होतं ते वाचलं. चोरीच्या गाड्या सापडतात, धडक देऊन पळालेला सापडतो, सगळं मान्य. पण सगळी चर्चा कॅमेरे लावायचे की नाही यावरच झाली, टिपलेल्या नंबरचं पुढे काय होतं ते कुणी विचारलंच नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो. एका पार्किंगमध्ये माझी पावती हरवली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला काही टेन्शन नाही, नंबर सांगा, आणि त्याने तो टाईप केल्यावर माझी त्या दिवशीची एकच एंट्री यायला हवी होती की नाही, तर अख्खी यादीच उघडली. तीन महिन्यांत मी किती वाजता आलो, किती वाजता गेलो, प्रत्येक वेळचा फोटो. एका फोटोत बाजूच्या सीटवर आई बसलेली, मांडीवर रिपोर्टची पिशवी, पिशवीवर लॅबचं नाव चक्क वाचता येत होतं. मुलगा बिचारा सहज म्हणाला, "परवा लवकर निघालात!" चांगला मुलगा होता, पण मला कसंतरीच झालं. मी म्हटलं हे जुनं सगळं काढून टाक ना, तर म्हणे डिलीटचं बटण आमच्याकडे नसतं, आणि कुणाकडे असतं ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी स्वतः डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. साठवायला जागा स्वस्त आहे आणि डिलीट केलं म्हणून कुणी शाबासकी देत नाही, उलट नको असताना उडवलं तर बोलणी बसतात, मग माणूस ठेवूनच देतो. नियम नसला की डेटा कायमचा राहतो, इतकं साधं आहे ते.

या कॅमेऱ्याचं काम असं चालतं की तो समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो काढतो, त्यातले आकडे-अक्षरं वाचतो, सोबत वेळ आणि ठिकाण लिहितो आणि हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी ताडून बघतो. जुळलं तर पुढची कारवाई, ते ठीकच आहे. पण बहुतेक नंबर जुळतच नाहीत, ते तुमच्याआमच्यासारख्यांचे असतात, दूध आणायला निघालेले, ऑफिसला निघालेले, आणि खरा प्रश्न या न जुळलेल्यांचा आहे. एका नोंदीने काही कळत नाही हो, पण सहा महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक लावा, मग कोण दर मंगळवारी कुठल्या दवाखान्यात जातं, कोण कुणाच्या घरी मुक्काम करतं, कोण कुठल्या सभेला गेलं होतं, सगळं बाहेर येतं, आणि त्यासाठी त्या माणसाने काही गुन्हा केलेला असावा लागत नाही.

बाहेर यावर नियम आहेत, पण केवढा फरक बघा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात न जुळलेला नंबर 3 मिनिटांत पुसायचा असा कायदाच आहे. ब्रिटनमध्ये पोलिसांकडे हाच डेटा 12 महिने राहतो. म्हणजे 3 मिनिटांत पुसूनही पोलिसांचं काम चालू शकतं, मग बाकीच्यांना वर्षभर कशाला लागतं ते तरी सांगावं. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2008 मध्ये म्हटलं होतं की नंबर ताडून लगेच पुसला तर हक्काला धक्का लागत नाही, पण 2018 मध्ये स्वतःचंच मत बदललं, नुसतं ताडून बघणं हाही हस्तक्षेपच, त्याला तसंच सबळ कारण पाहिजे.

आणि ठेवलेला डेटा सांभाळला जातो असंही नाही. ब्रिटनच्या शेफिल्ड शहरात 2020 मध्ये अशा सुमारे 86 लाख नोंदी इंटरनेटवर उघड्या सापडल्या, पासवर्डसुद्धा नव्हता!

मशीन चुकतं तेही धरा. 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅमेऱ्याने एका बाईंच्या गाडीवरचा 3 हा 7 वाचला. चोरीला गेलेला होता ट्रक आणि बाई चालवत होत्या कार, रंगही वेगळा, तरी पोलिसांनी बंदुका रोखून त्यांना बेड्या घातल्या. प्लेटकडे एकदा नीट डोळ्यांनी बघितलं असतं तर वाचलं असतं. लोक म्हणतात ज्याने काही केलं नाही त्याने घाबरायचं काय कारण, त्या बाईंनी काय केलं होतं?

माझं मागणं फार नाही. न जुळलेला नंबर ताबडतोब पुसा, तासांत नाही तर गेला बाजार दिवसांत. आणि डेटा कुणी उघडला, कुठल्या केससाठी उघडला, याची नोंद राहू द्या आणि ती नोंद बाहेरच्या कुणीतरी अधूनमधून तपासू द्या, कारण आत बसलेल्याने एखाद दिवशी बायकोच्या नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर टाकून बघितला तर आज पकडणार कोण? खाजगी पार्किंगवाल्यांनाही हेच लागू करा, तिथे तर गाडी बाहेर पडली आणि पैसे मिळाले की हिशोब संपला.

पुढच्या वेळी कॅमेऱ्यांच्या उद्घाटनाची बातमी छापाल तेव्हा तुमच्या बातमीदाराला एक विचारायला सांगा, किती कॅमेरे बसवले ते नको, न जुळलेला नंबर किती दिवसांनी पुसता ते. उत्तर छापा. नाही दिलं तर तेही छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक