करवंदवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता चुटपुट लागते. ठाणे स्टेशनबाहेर, पुलाच्या पायथ्याशी उन्हाळाभर आपली गाठ पडायची. मी ‘मावशी’ म्हणायचो, तुम्ही ‘दादा’, आणि तेवढ्यावर भागायचं. तुमची नात आश्रमशाळेत शिकते आणि मोबाईलवर आलेलं सगळं तुम्हाला वाचून दाखवते, असं एकदा बोलण्यात आलं होतं. म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. कुणाकुणाच्या हातून फिरत ते खर्डीच्या पलीकडे तुमच्या पाड्यावर पोहोचावं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला. पायाला सहा आठवडे प्लास्टर. सुट्टी लागली की तो संगमेश्वरला आजीकडे पळतो. यंदा तिसऱ्या मजल्यावरची खोली, वर गरगरणारा पंखा आणि बाहेर घामाचं ठाणं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. गावाहून आजीचा फोन आला की बोलायचाही नाही.

तेव्हा तुमच्या पाटीत लोणच्याची हिरवी करवंदंच होती. काळी कधी येणार, असं मी विचारलं आणि कुणासाठी हवीत तेही सांगून टाकलं. तुम्ही हळहळला नाहीत. एवढंच विचारलंत, “खाटेवरनं त्याला दिसतं काय?”

“काही नाही. समोरची बिल्डिंग.”

“नीट बघ दादा. पाखरू कुठं बसतं ते बघ. तिथं फळ असतं.”

त्या रात्री आम्ही त्याची खाट खिडकीशी सरकवली. मावशी, अकरा वर्षं मी त्या घरात राहतो. कंपाउंडच्या भिंतीला टेकून सिंगापूर चेरीचं झाड आहे, हे मला ठाऊक नव्हतं! फांद्यांना मण्याएवढी लाल फळं, आणि सकाळी सहापासून त्यांच्यावर बुलबुलांची झुंबड. नाल्याच्या कडेला विलायती चिंच. तिचे पिळदार आकडे उकलून आतला पांढरा गर दिसायला लागला होता. ही दोन्ही झाडं मूळची पार अमेरिका खंडातली, पण आमच्या गल्लीत अशी रुजलीत की पक्ष्यांना ती परकी वाटत नाहीत. आणि गेटजवळ जांभूळ. ते मात्र मला माहीत होतं. का माहीत होतं, ते पुढे सांगतो.

मग आमच्या घरातून तुमच्याकडे निरोप जाऊ लागले. पोरगं वहीत लिहायचं आणि संध्याकाळी मी ते तुम्हाला सांगायचो. आज तांबट दिसला. आज अंधार पडल्यावर चेरीवर वटवाघळं आली. त्याचे प्रश्नही असायचे. पहाटेच्या अंधारात पिकलं करवंद कसं ओळखता? तुम्ही म्हणालात, “हात लावला की देठातनं सुटतं ते पिकलं. ओढावं लागलं तर राहू दे, चीक येतो.” हे उत्तर त्याने पानभर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

मेच्या सुरुवातीला पहिली काळी मैना आली. पळसाच्या पानाचा द्रोण, वीस रुपये. शिवाय तुम्ही वरून एक मूठ घातलीत, “ही पाखरं मोजणाऱ्याची.” कोंबडा की कोंबडी हा खेळ मी माझ्या लहानपणी खेळलो होतो, पण त्याला कधी शिकवला नव्हता. एक एक करवंद फोडून तो ओरडत होता. आत लाल निघालं की कोंबडा, पांढरट निघालं की कोंबडी. ओठ चिकाने चिकटले, गादीवर डाग पडले, आणि बऱ्याच दिवसांनी त्याची आई खळखळून हसली. त्या रात्री त्याने आपणहून आजीला फोन लावला.

ती करवंदं किती लांबून येतात, हे मला नंतर कळलं. अंधारात डोंगर चढायचा, काट्यांतून जाळ्या धुंडाळायच्या, मग लोकलने सत्तर किलोमीटरांहून जास्त. वणव्यात जाळ्या जळतात, जमिनींना कुंपणं पडतात, म्हणून दरवर्षी आणखी आत जावं लागतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा हातातला द्रोण मला जड झाला. तुमच्या मनगटावरचे ओरखडे मी त्याआधी पाहिलेच नव्हते.

आता त्या जांभळाबद्दल. गाड्यांवर डाग पडतात म्हणून त्याच्या फांद्या छाटाव्यात, असा अर्ज आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी फिरला होता. त्यावर माझीही सही आहे. शहरातल्या झाडांना १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. त्या परवानगीसाठीच तो अर्ज होता. मे महिन्यात मी जाऊन माझी सही मागे घेतली, आणखी दोन घरांनाही पटवलं. झाड जसंच्या तसं आहे. हे तुमच्यामुळे झालं, तुम्हाला माहीत नसलं तरी.

मेअखेरीस प्लास्टर निघालं. पोराचा पाय काडीसारखा झाला होता, तरी पहिली मागणी जांभळाखाली जायची. वॉचमनकाकांनी फांदी हलवली, आम्ही खाली जुनी चादर धरली. सगळ्या मजल्यांवरची मुलं जमली. ज्यांच्या गाडीवरून तो अर्ज निघाला होता, त्यांचीही नात जांभळी जीभ काढून दाखवत होती.

त्यातली निवडक जांभळं त्याने पळसाच्या पानात बांधली. तुमच्याच द्रोणाचं पान, धुऊन वहीत जपलेलं. “मावशी आपल्याला रानातलं देतात, आपण त्यांना ठाण्यातलं देऊ.” दोन दिवस पाऊस झाला होता. आम्ही स्टेशनला आलो तेव्हा तुमची जागा रिकामी होती. पाऊस लागला की संपलं, मग शेताची कामं, हे तुम्ही सांगितलं होतंत, मीच विसरलो. तो तिथे अर्धा तास उभा राहिला. त्याने तुम्हाला अजून एकदाही पाहिलेलं नाही.

मावशी, मनापासून आभार. तुमच्या नातीला सांगा, पक्ष्यांची वही भरत आलीय आणि तिच्याकडेही काही नोंदी असतील तर आम्हाला हव्या आहेत. एप्रिलमध्ये हिरवी करवंदं घेऊन याल तेव्हा पुलाच्या पायथ्याशी आम्ही दोघंही असू. या वेळी तुमचं नाव तोच विचारणार आहे.