आईची टाच आणि बाबांचा तळवा

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाने पाठवलेले फोटो मिळाले. आईच्या टाचेचे सगळ्या बाजूंनी काढलेत, एक्स-रेसुद्धा आहे. बाबांच्या पायाचा मात्र एकच, तोही ते दुपारी झोपलेले असताना काढलेला दिसतोय. फोनवर पायाचा विषय निघाला की बाबा "मी ठणठणीत आहे, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून पत्र लिहायला बसले. चष्मा लावून सावकाश वाचा.

सरळच सांगते. घरात सध्या सगळी धावपळ आईच्या टाचेसाठी चाललीय, कारण ती दुखते. बाबांचा पाय दुखत नाही, म्हणून तिकडे कोणी बघत नाही. मला काळजी लागलीय ती बाबांच्या मधुमेही पायाची. आईची टाच बरी होणार आहे.

आधी आईचं सांगून टाकते, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत कळ, चार पावलं टाकली की कमी, आणि ओट्याशी उभं राहून पोळ्या झाल्या की पुन्हा ठणका. हे तू सांगितलंस तेव्हाच मला निम्मं निदान झालं होतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला. टाचेला तो जिथे चिकटतो तिथे दुखावला जातो. इथे इंग्लंडला आमच्या पायांच्या क्लिनिकमध्ये मी ती जागा दाबते आणि पायाचा अंगठा वर वळवते. तेच दुखणं असलं तर पेशंट चटकन पाय मागे घेतो. तू स्वतः दाबून बघ. टाचेच्या मधोमध नको, जरा पुढे आणि आतल्या बाजूला.

"हाड वाढलंय" म्हटल्यावर तू ऑपरेशनपर्यंत जाऊन पोचलीस. एक्स-रेत दिसतं ते टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतं. ते कापायचं वगैरे काही नाही. आम्ही इथे या दुखण्यासाठी एक्स-रे सहसा काढतही नाही. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घे, हाताने बोटं नडगीकडे ओढ, दहा आकडे मोज, सोड. असं दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण तेवढाच महत्त्वाचा. मागचा पाय सरळ, टाच जमिनीला घट्ट, अर्धा मिनिट. आणि स्वयंपाकघरातल्या त्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहणं बंद कर. तुझं सोवळं मला माहीत आहे. मऊ तळाची एक नवी कोरी चप्पल फक्त स्वयंपाकघरापुरती ठेव, देवघरात जाताना काढ. देव रागावणार नाही, रागावल्या तर काकूच रागावतील.

याला महिने लागतात. बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय जातं. टाचेत इंजेक्शन घ्यायची घाई करू नकोस. त्याने थोडे दिवस बरं वाटतं, पण क्वचित तो पट्टाच तुटतो. गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक घेतेस, त्याने बरं वाटत असेल तर घे. फक्त ती वीट बाबांच्या पायाजवळ न्यायची नाही. गरम पाण्याची पिशवीसुद्धा नाही. का, ते पुढे लिहिते.

बाबा, आता तुमचं. फोटोत तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर, पिवळट जाड घट्टा दिसतोय. त्याच्या मधोमध काळपट तपकिरी ठिपका आहे. दादाला वाटलं डांबर लागलंय, त्याने साबणाने घासून बघितलं म्हणे. ते डांबर नाही. घट्ट्याखाली रक्त साकळलं की तो रंग येतो. वरून कातडी बंद दिसते, पण खालची दबून फुटायला लागलेली असते, कधीकधी आत जखम झालेलीही असते. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर असा ठिपका दिसला की मी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवते.

आणखी एक. तुम्ही बाजारातून एकच चप्पल घालून घरी आलात, दुसरी वाटेत कुठे निसटली ते कळलंच नाही, ही गोष्ट आईने मला हसत हसत सांगितली होती. तुमचा विसराळूपणा म्हणून सगळे हसलात. इथे लेस्टरला गुजराती म्हातारी माणसं पुष्कळ, घरात आणि शेजारीपाजारी सपाताच घालून फिरतात. त्यांना मी मुद्दाम विचारते, सपाता पायातून निसटली तर कळतं का? ज्यांना कळत नाही, त्यांच्या तळव्याची जाणीव बहुधा गेलेली असते.

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बोटांकडून वर मरत येतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा. दुखणं गेलं म्हणून माणूस खूश होतो. पायातले बारीक स्नायू दुबळे होऊन बोटं आकड्यासारखी वळतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. घाम कमी होतो, कातडी कोरडी पडून भेगाळते. जिथे भार जास्त तिथे घट्टा येतो, आणि मग तो घट्टाच चपलेत खडा असल्यासारखा आतून टोचत राहतो. तुम्हाला किंवा मला खडा टोचला तर आपण थांबून चप्पल झटकू. बधिर पायाचा माणूस त्या खड्यावरून दिवसभर चालतो. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांच्या बुटात नातवाच्या खेळण्यातला ठोकळा निघाला होता. बूट काढल्यावर मोजा लाल झालेला दिसला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं.

तुम्ही म्हणाल, माझे पाय तर गरम असतात, रक्त चांगलं खेळतंय. नसा गेलेले पाय पुष्कळदा गरमच लागतात. त्यावर जाऊ नका.

आमच्याकडे तपासणी म्हणजे सुरुवातीला नुसतं बघणं आणि चाचपणं असतं. बुटात हात घालून बघते, टाच कुठे झिजलीय बघते, बोटांच्या बेचक्या उघडून बघते, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आहे का ते हाताच्या पाठीने बघते. मग नायलॉनचा एक तंतू असतो, तो वाकेपर्यंत टेकवला की १० ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की सांगायचं. मध्यंतरी एक आजी मी तंतू टेकवायच्या आधीच "हा, हा" म्हणायला लागल्या, बिचाऱ्यांना मला नाराज करायचं नव्हतं. मी हात मागे घेतला तरी "हा" चालूच. तंतू खरोखर अंगठ्याला टेकला तेव्हा मात्र गप्प. बाबा, तुम्ही हेच कराल याची मला खात्री आहे, म्हणून तुमची परीक्षा आईने घ्यायची.

आई, हे नीट वाच. इथल्याच इप्सविच गावच्या रुग्णालयातून ही पद्धत आली, तिला उपकरण लागत नाही. बाबांना पलंगावर झोपव, डोळे मिटायला सांग. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा बोटं. तुझ्या तर्जनीचं टोक एकेका बोटाच्या शेंड्याला अलगद टेकव, एक-दोन सेकंद, आणि उचल. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या नाहीत. एकदा चुकलं की त्याच बोटाला परत हात लावायचा नाही. क्रम उलटसुलट ठेव. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर पाय बधिर झालाय असं धरायचं. आणि सगळी कळली तरी तो काळा ठिपका दाखवायचाच आहे.

दुसरी भानगड रक्तपुरवठ्याची. पायाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते का, ते डॉक्टर बोटांनी बघतील. नाही लागली तर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, लावून ऐकतात, आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघतात. भागाकार ०.९ च्या खाली आला तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. मधुमेहात त्या कडक झाल्या तर आकडा उगाच मोठा येतो, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबत नाहीत. बाबा, परशुरामाचा चढ चढताना पोटरीत गोळा येतो आणि थांबलात की जातो, असं होतं का? होत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि बिडी. गोठ्यामागे जाऊन ओढता ते मला दादाने सांगितलेलं नाही, वहिनीने सांगितलंय.

हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी दाखवायला जा. इथे असा पाय आला असता तर मी एका कामाच्या दिवसात मधुमेही पायांच्या टीमकडे चिठ्ठी पाठवली असती. आपल्याकडे पायाचा वेगळा माणूस गावोगावी नाही, पुण्या-मुंबईला अशी क्लिनिक्स आहेत. पण त्यासाठी खोळंबू नका, आधी मधुमेहाचे डॉक्टर किंवा सर्जन गाठा. मागच्या खेपेला फाईल बघून, गोळी वाढवून परत पाठवलं, चपला काढायला कोणी सांगितलंच नाही म्हणे. याचा मला राग आला. या वेळी कोणी सांगायची वाट न बघता दोन्ही पाय उघडे करून वर ठेवा.

ते स्काल्पेलने घट्टा पातळ पातळ काढतील. दुखायचं नाही, आणि तेच मुळात वाईट आहे. खाली जखम निघाली तर ती हाडापर्यंत गेलीय का बघतील, एक्स-रे काढतील, आणि तिच्यावरचा भार काढायला सांगतील. प्लॅस्टर म्हणोत, बूट म्हणोत, कुरकुर न करता घाला. मलमाने काही होत नाही, भार हलला की जखम भरते. वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. बोटं रोगाने झडत नाहीत, दुखत नाही म्हणून रोजच्या वापरात जखमा होऊन जातात. मधुमेही पायांचा आजचा उपचार बराचसा त्याच कामावर उभा आहे.

तोवर तुम्ही ब्लेड हातात घ्यायचं नाही. दाढीच्या ब्लेडने घट्टा खरवडता ते मला ठाऊक आहे. औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टीही नको, तिच्यातलं ॲसिड कुरूप आणि चांगली कातडी असा भेद करत नाही. पाय लाल झाला, सुजला, पाणी किंवा वास यायला लागला, ताप आला, तर त्याच दिवशी जायचं. नुसता गरम होऊन सुजला आणि दुखत नसला तरी जायचं, आणि तोवर त्यावर चालायचं नाही. हाडं आतल्या आत मोडत असली तरी बधिर पाय बोलत नाही.

पावसाचं एक राहिलं. चिखल्या झाल्या की वहिनी मेंदी लावते, तुम्ही हळद भरता. तुमच्या पायाला तेवढी भेगही जंतूंना पुरेशी आहे. अंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने टिपून कोरड्या करा, बुरशीचं मलम डॉक्टरांना विचारून लावा आणि बरं वाटल्याबरोबर थांबवू नका. कोकम तेल टाचेच्या भेगांना उत्तम, रोज रात्री चोळा, पण बेचक्यांत नको, तिथे ओल राहते. २०२१ च्या पुरानंतर तुम्ही अनवाणी गाळ उपसत होतात, तसं आता पुन्हा नाही. अंगठ्याचं जाड पिवळं नख मात्र तूर्त राहू द्या. सगळी जाड नखं बुरशीचीच नसतात. नखाचा तुकडा तपासल्याशिवाय महिनोन्महिने गोळ्या घेण्यात अर्थ नाही.

आता चप्पल. अंगठ्याची चप्पल आणि कोल्हापुरी दोन्ही बंद. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची चप्पल घ्यायची. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेला हाच तळ, म्हणून काही लोक नाक मुरडतात. तुम्ही मुरडू नका. घरातही घालायची. देवळात जाताना जाड पांढरे सुती मोजे घाला, उन्हात तापलेली फरशी तुम्हाला कळणार नाही, आणि पांढऱ्यावर रक्ताचा डाग लगेच दिसतो. घालण्यापूर्वी रोज चपलेत हात फिरवायचा.

माप दादाने घ्यायचं. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, तुम्ही कागदावर उभे राहा आणि त्याने पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय वेगवेगळे आखावेत. दोन्हींचं माप एक नसतं, मोठ्या पायाला बसेल ती घ्यायची. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभर घाला, काढा, आणि आईने तळवा बघायचा. घट्टा काढून झाला की त्या जागेचा फोटो खिडकीच्या उजेडात काढून मला पाठवा, झोपेत नको.

तुमची,
वैशू