पाच आयपींचे भाडे, वापरात एकच

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : सोसायटीच्या राउटरवर सर्व पब्लिक आयपी लावणे व डीव्हीआरचे उघडे पोर्ट बंद करणे

महोदय,

वार्षिक सभेत इंटरनेट लाइनचा वेग वाढवण्याचा ठराव येणार असल्याचे कळले. ग्रुपवर रोज जी ओरड चालते (साइट उघडत नाही, सारखे 'तुम्ही रोबोट नाही ना?' विचारते) ती वेग वाढवून तसूभरही कमी होणार नाही.

लीज लाइनसोबत (भाड्याने घेतलेली, फक्त आपल्यासाठीची इंटरनेट लाइन) आपण ८ पब्लिक आयपींचा, म्हणजे इंटरनेटवर आपण ज्यांनी ओळखले जातो त्या पत्त्यांचा, ब्लॉक घेतला आहे. त्यातला पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, एक कंपनीच्या राउटरला जातो. हाती उरतात ५. तरी तिन्ही विंगची ९६ घरे एकाच आयपीवरून बाहेर पडतात. एका घरातल्या लॅपटॉपने आगाऊपणा केला की समोरची साइट अख्ख्या सोसायटीला संशयित धरते.

दिवाळीआधी तंत्रज्ञाने बी विंगला दुसरा आयपी लावून पाहिला आणि आमचे नेट बसले. तेव्हापासून 'ते जमत नाही' असे ठरून गेले आहे. जमते. त्याने नॅटचा नियम (बी विंग त्या आयपीवरून बाहेर पडावी असा) लिहिला, पण तो आयपी राउटरच्या वॅन पोर्टवर, म्हणजे बाहेरची लाइन जिथे लागते तिथे, जोडलाच नाही. आमची विनंती बाहेर गेली. उत्तर आले तेव्हा कंपनीच्या राउटरने 'हा पत्ता कोणाचा?' म्हणून हाक मारली आणि आपल्याकडून कोणी ओ दिली नाही. आधी पाचही आयपी वॅन पोर्टवर जोडावेत, मग प्रत्येक विंगला एक, ऑफिसला चौथा आणि पाचवा राखीव ठेवावा. विंगनिहाय व्हीलॅन (राउटरच्या आतली स्वतंत्र नेटवर्क) वेगळी आहेतच, त्यामुळे नवी खरेदी नाही.

याहून गंभीर म्हणजे डीव्हीआर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र. पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे राउटरमधून बाहेरच्यांना आत येण्याची वाट देऊन, तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवला आहे. मी कामावरून मोबाइल डेटावर आपला आयपी टाकला, तर लॉगिनचे पान समोर. पासवर्ड ओळखण्याचेही कष्ट नाहीत. वॉचमनच्या केबिनमध्ये डीव्हीआरच्या झाकणावर, पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेला आहे, आणि तो कारखान्यातून आलेलाच आहे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. आपल्या एका कॅमेऱ्यात मुलांची खेळायची जागा दिसते. पोर्ट फॉरवर्डचा तो नियम आजच काढावा, डीव्हीआरचा पासवर्ड बदलावा. समिती सदस्यांना घरून पाहायचे असेल तर राउटरमध्येच व्हीपीएनची (बाहेरून सुरक्षितपणे आत जोडण्याची) सोय आहे.

हे काम रविवारी पहाटे करावे, तासभर नेट बंद राहील अशी नोटीस बोर्डावर लावावी. सुरुवात करण्याआधी सध्याच्या सेटिंग्जचा बॅकअप घ्यायला सांगावे. मागच्या वेळी तो नव्हता, म्हणून रात्री अकरापर्यंत सगळे ताटकळले. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्डही फक्त तंत्रज्ञाच्या डोक्यात आहे, तो समितीकडे पाकीटबंद असावा.

माझे रोजचे काम नेटवर्किंगचेच आहे. त्या पहाटे तंत्रज्ञासोबत बसायला मी तयार आहे. मानधन नको.

आपला विश्वासू,
एक सदनिकाधारक, बी विंग