सहा महिन्यांनंतरचा घास कुणी मोजतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत बाळाच्या आहारावर अख्ख्या पानाचा लेख आला होता तो वाचला आणि तेव्हापासून लिहू लिहू म्हणत होते. मी बाळंतिणींना आणि लहान मुलांच्या आयांना आहाराबद्दल सल्ला द्यायचं काम करते, त्यामुळे असे लेख जरा खवचटपणेच वाचते हे आधीच सांगून टाकते. लेखात चूक असं फारसं काही नव्हतं. पण सगळा लेख अंगावरचं दूध चांगलं की डब्याचं ह्या एकाच भांडणात गेला, मग शेवटच्या दोन ओळींत "सहा महिन्यांनंतर पूरक आहार सुरू करावा" असं उरकून टाकलं आणि पान संपलं. अहो, खरी गडबड तर तिथून पुढे सुरू होते.

पहिल्या भांडणाचा निकाल तसा कधीच लागलाय. पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यायचं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि मग बाकीच्या खाण्याबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवायचं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता सगळ्यांना पाठ असते. २०१६ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात जी लेखमाला आली होती तिच्या अंदाजाप्रमाणे जगभर जवळजवळ सगळ्या बाळांना नीट स्तनपान मिळालं तर वर्षाला ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील. हा आकडा जुलाब आणि न्यूमोनिया टळण्यातून बराचसा येतो. जे मूल सारखं आजारी पडतं त्याचं खाल्लेलं अंगाला लागत नाही, भूक मरते, वजन अडकतं, म्हणजे पोषण आणि आजार वेगळे काढताच येत नाहीत.

पण म्हणून आईच्या दुधाला सगळ्या रोगांवरचं औषध करून टाकायचं हेही मला पटत नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ ला १७ हजारांवर माय-लेकरांवर फार मोठा प्रयोग झाला होता, काही हॉस्पिटलांमध्ये स्तनपानाला नीट मदत केली आणि काहींमध्ये नेहमीसारखंच चालू ठेवलं. मदत मिळालेल्या बाळांमध्ये पोटाचे आजार ४० टक्क्यांनी कमी झाले, पण पुढे ही मुलं मोठी झाल्यावर लठ्ठपणात काही फरक दिसला नाही. असं सगळं खरं सांगितलं तर आया जास्त विश्वास ठेवतात हा माझा अनुभव आहे, उगाच घाबरवलं की त्या मान डोलावतात आणि घरी जाऊन शेजारीण सांगते ते करतात.

आता मला खटकणारा मुद्दा. "निवड" म्हटलं की असं वाटतं की आई एके दिवशी बसून ठरवते, मी हे देणार आणि ते नाही देणार. तसं कधीच होत नाही. होतं असं की बाळ तीन आठवड्यांचं झालं की एखाद्या संध्याकाळी सारखं प्यायला मागतं, सोडलं की रडतं, परत घेतलं की परत रडतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं दूध पुरत नाहीये गं तुला, एक बाटली दे म्हणजे शांत झोपेल. दिली. झोपलं. सगळ्यांना वाटलं बघा, उपाशीच होतं पोर. पण दूध तयार होतं ते ओढलं जातं त्या प्रमाणात, बाळ जितकं पितं तितकं बनतं, ते बाटली पिऊन चार तास झोपलं की तेवढा वेळ ओढच नाही, मग दुसऱ्या दिवशी खरंच थोडं कमी, मग आणखी एक बाटली, आणि महिन्याभरात "दूध आटलं". ह्यात कुणी काय निवडलं? संध्याकाळी सारखं पिणं हे त्या वयात नॉर्मल असतं, एवढं वाक्य वेळेवर कुणी बोललं असतं तरी पुष्कळ होतं. दूध पुरतंय का ते बाळाच्या रडण्यावरून ठरवायचंच नसतं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं का हे बघायचं.

आणि वजनाच्या तक्त्यांनी पण आयांवर कमी अन्याय केलेला नाही बरं का. २००६ च्या आधी जगभर जो तक्ता वापरायचे तो अमेरिकेतल्या बहुतांशी डब्याच्या दुधावर वाढलेल्या मुलांच्या मोजमापावरून केलेला होता. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतं आणि मग जरा हळू, तो त्याचा स्वभावच आहे, पण त्या तक्त्यावर टिंब लावलं की रेषा खाली आल्यासारखी दिसायची आणि लगेच सल्ला मिळायचा, वरचं दूध सुरू करा. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या स्तनपानावरच्या निरोगी मुलांची मापं घेऊन २००६ ला नवीन तक्ते काढले. गुटगुटीत म्हणजे निरोगी हे मात्र लोकांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. युरोपातल्या पाच देशांत केलेल्या एका प्रयोगात पहिल्या वर्षी जास्त प्रथिनांचं फॉर्म्युला, म्हणजे डब्याचं दूध, प्यायलेली मुलं सहाव्या वर्षी जास्त लठ्ठ निघाली. बाळसं लवकर आलं की आपण खुश, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते.

डब्याचं दूध ज्यांना खरंच लागतं त्यांच्यावर मी अजिबात चिडत नाही. काही आयांना हार्मोनच्या त्रासामुळे किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे दूध खरंच पुरत नाही, गॅलॅक्टोसेमियासारख्या दुर्मिळ आजारात बाळाला आईचं दूध चालतच नाही, आणि एखादीला नसेलच जमत तर तिला कुणी गुन्हेगार ठरवू नये. पण मग तिला ते दूध करायचं कसं हे तरी नीट सांगा ना! तेही कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर प्रचार होईल अशी भीती. परवा एका आईने मला करून दाखवलं, चमचा डब्यात बुडवला आणि वरती डोंगर तसाच ठेवून बाटलीत टाकला. सपाट चमचा घ्यायचा असतो. असं रोज घट्ट केलं तर बाळाच्या शरीरात क्षार वाढतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो, आणि डबा जास्त दिवस पुरवायला पातळ केलं तर बाळ पोटभर पिऊन उपाशी राहतं. शिवाय पावडर निर्जंतुक नसते हे तर बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून पाणी उकळून निदान ७० अंश गरम असताना त्यात पावडर मिसळायची आणि मग निववून द्यायचं. आणि वर्षाच्या आत गायीचं दूध हे मुख्य दूध म्हणून शक्यतो टाळायचं, त्यात लोह जवळजवळ नाही, काही बाळांच्या आतड्यातून त्याने थोडं थोडं रक्तही जातं आणि प्रथिनं आईच्या दुधाच्या तिप्पट.

बरं, आता सहा महिन्यांवर येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

उंची खुंटणं म्हणतात ना, ते जास्त करून सहा महिने ते दोन वर्षं ह्याच काळात होतं. २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची १४ कोटी ८० लाखांच्या आसपास मुलं अशी होती. युनिसेफच्या २०१९ च्या अहवालात आहे की सहा महिने ते दोन वर्षांच्या तीनातल्या दोन मुलांना वाढीला लागेल असं खाणं मिळत नाही. ह्यातल्या कितीतरी मुलांना सुरुवातीला आईचं दूध नीट मिळालेलं असतं. म्हणजे पहिली परीक्षा पास होऊन दुसरीत गळालेली मुलं ही, आणि आपण अजून पहिल्या पेपरावरच वाद घालतोय.

लोहाचंच घ्या. बाळ पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत लोहाचा साठा करून येतं, नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर अजून थोडं मिळतं, आणि हा साठा साधारण सहा महिने पुरतो. लवकर जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला त्याहूनही कमी. आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं पण असतंच मुळी फार थोडं. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं आणि मोठ्या बाप्याला ८! आठ किलोच्या जिवाला ऐंशी किलोच्या माणसापेक्षा जास्त. मेंदू सगळ्यात वेगाने वाढतोय ते हेच दिवस. आणि ह्या दिवसांत आपण त्याला काय देतो तर पातळ पेज, गाळलेलं सूप, फळांचा रस.

सूप गाळण्याचा प्रकार मला कायम चक्रावून टाकतो. भाज्या, मांस, कडधान्य जे काय असेल ते छान शिजवायचं, गाळायचं, पाणी बाळाला आणि खाली उरलेला गाळ आपण खायचा किंवा टाकायचा. म्हणजे अन्न आपण खाल्लं आणि बाळाला त्याचा वास दिला. बाळाचं पोट केवढंसं असतं, किलोमागे ३० मिली धरा, म्हणजे सात किलोच्या बाळाचं जेमतेम २०० मिलीच्या थोडं वर. त्यात असं पाणी भरलं की पोट गच्च, ताकद शून्य, आणि वर आईचं दूधही कमी प्यायलं जातं, म्हणजे चांगलं काढून फुळकवणी घातलं. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत खाण्यातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. मी आयांना हे आकडे सांगत बसत नाही, एक चमचा हातात देते आणि म्हणते वाकडा करून बघ. खाणं चमच्यावर टिकलं पाहिजे, घरंगळून पडलं तर पातळ आहे. एवढं एक समजलं तरी निम्मं काम होतं.

मग उरतो प्रश्न त्या चमच्यात काय. बाळाच्या खाण्याचे आठ गट मानलेत, आईचं दूध, धान्यं आणि कंद, कडधान्यं आणि दाणे, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी आणि हिरव्यागार भाज्या-फळं, आणि बाकीच्या भाज्या-फळं, ह्यातले निदान पाच रोज यावेत. धान्य सगळे देतात, बाकीचं "पचणार नाही" म्हणून वर्षभर लांबवतात. अंडं, मासे हे सहा महिन्यांनंतर चालतं. मांसाहार नको असेल तर कडधान्याबरोबर क जीवनसत्त्व असलेलं फळ द्या, लोह बरं शोषलं जातं, तरी डॉक्टरांना लोहाच्या थेंबांबद्दल विचारा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होईल म्हणून तो उशिरा द्यायचा असा सल्ला अमेरिकेत २००० च्या सुमाराला होता, २०१५ च्या अभ्यासाने तो पार उलटा केला, जोखीम असलेल्या बाळांना लवकर दिल्यावर अ‍ॅलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. अर्थात त्याची गुळगुळीत पेस्ट, अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो. जोरदार एक्झिमा (त्वचेला खाज सुटून चट्टे येतात तो आजार) असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. मध मात्र वर्षाच्या आत नकोच, बॉट्युलिझमची, म्हणजे एका जिवाणूमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेची, भीती असते.

आता लेखातलं एक वाक्य, "आईने थोडा वेळ काढला तर सहज शक्य आहे". कुठून काढायचा तेही छापायचं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा करार किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा सांगतो आणि आरोग्य संघटना २६ आठवडे निव्वळ स्तनपान सांगते. मधले १२ आठवडे कुणाच्या खात्यात? दूध काढून ठेवायला ऑफिसात बऱ्याचदा टॉयलेट सोडून जागा नसते, आणि ज्यांना ऑफिसच नाही, रोजंदारीवर जातात, त्यांना तर रजा हा शब्दच लागू नाही. आणि तो चमचा वाकडा करून बघायला बापाला कुणी मनाई केलीये का? तुमच्या पानभर लेखात बाप एकदाही आला नाही.

शेवटचं, जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. त्याच लेखाच्या समोरच्या पानावर एक वर्षावरच्या मुलांच्या दुधाच्या डब्याची अर्धा पान जाहिरात होती. १९८१ मध्ये मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीबद्दलची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता, म्हणजे डब्याच्या दुधाची लोकांत जाहिरात करू नये असं सांगणारी नियमावली, आरोग्य संघटनेच्या सभेत ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली, तो एक विरोध अमेरिकेचा. मग काही देशांनी तान्ह्या बाळाच्या डब्याच्या जाहिरातींवर बंधनं आणली तर कंपन्यांनी मोठ्या मुलांचं दूध काढलं, तेच नाव, तोच रंग, फक्त डब्यावरचा आकडा वेगळा, म्हणजे जाहिरात ह्याची आणि आठवण त्याची. २०१६ मध्ये आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की तीन वर्षांपर्यंतची अशी सगळी दुधं आचारसंहितेतच येतात, आणि २०२३ च्या मार्गदर्शनात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना ह्या दुधाची शिफारसच केलेली नाही. कुटुंबाचे पैसे त्या डब्यात गेले की अंड्यात आणि फळांत कमीच जाणार.

तेव्हा माझ्या दोनच मागण्या आहेत. पुढचा लेख सहा महिने ते दोन वर्षं ह्या काळावर घ्या, हवं तर मी मदत करते, मानधन नको. आणि तो ज्या अंकात छापाल त्यात समोरच्या पानावर काय येणार आहे ते जाहिरात विभागाला आधी विचारा, आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते ह्याच सदरात छापा.

आपली,
एक नियमित वाचक
(आहार सल्लागार)