बाबांच्या वेगळ्या ताटाबद्दल

येळ्ळूर, जि. बेळगाव

चिरंजीव बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना बाबा शेजारीच असतात. तू "बाबा कसे आहेत" विचारतोस, मी "बरे आहेत" म्हणते आणि विषय तिथंच थांबतो. म्हणून लिहिते आहे.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात हेपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूनं होणारा लिव्हरचा आजार निघाला, एवढं तुला ठाऊक आहे. त्या पहिल्या तपासणीवरून विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, इतकंच कळतं. काहींच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. म्हणून विषाणू अजून रक्तात आहे का ते दाखवणारी, आरएनएची दुसरी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. लिव्हर मात्र सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कायमचं कडक होऊन निकामी होण्यापर्यंत गेलेलं नाही, ही देवाची कृपा. डॉक्टरांनी १२ आठवड्यांच्या गोळ्या दिल्यात, सोफोसबुव्हिर आणि डक्लाटासव्हिर, रोज एकदा. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. २०१८च्या जुलैपासून केंद्र सरकारचा तसा कार्यक्रमच आहे. या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत, त्यांचा त्रास वेगळा, आणि एवढं करून गुण येईलच असं नसे.

तेव्हा औषधाची मला काळजी नाही. काळजी आहे ती बाबांच्या मनाची.

ऑपरेशनसाठी ज्या दवाखान्यात गेलो होतो, तिथल्या एका माणसानं रांगेतल्या सगळ्यांसमोर आजाराचं नाव मोठ्यानं घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं ताट-तांब्या वेगळा केला. जेवण झालं की स्वतःच घासून कोपऱ्यात पालथं घालतात. एकादशीच्या भजनालाही जात नाहीत. गळ्यात माळ घातल्यापासून दारूच्या वाऱ्याला उभा न राहिलेला माणूस, पण लिव्हरचा आजार म्हटलं की गावात लोक एकच अर्थ काढतात. कुणी तोंडावर काही बोललेलं नाही. बोलतील या धाकानंच ते घरात बसलेत.

मी अंगणवाडीत इतकी वर्षं काढली, म्हणून मला हे ठामपणे सांगता येतं: हा आजार जेवणातून, पाण्यातून, एका ताटात खाल्ल्यानं, मिठी मारल्यानं, पापा घेतल्यानं पसरत नाही. गढूळ पाण्यानं होणारी कावीळ वेगळी. हा रक्तातून रक्तात जातो. म्हणून त्यांचं दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर वेगळं ठेवलंय, जखम झाली तर पट्टी बांधून ठेवायची, बस्स. ताट मी परत सगळ्यांच्या ताटांत मिसळून टाकलंय. ते बाहेर काढतात, मी पुन्हा आत ठेवते. माझ्या एकटीच्या हट्टानं हे सुटणार नाही. तू इथं येऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसलं पाहिजेस.

गेल्या खेपेस सूनबाईनं छोटीला त्यांच्या मांडीवर द्यायला हात पुढे केले आणि बाबा उठून परसात गेले. तुम्हाला वाटलं असेल कामाला गेले. ते भीतीनं गेले. या वेळी तू स्वतः छोटीला त्यांच्या हातात दे. समजावत बसू नकोस, भाषण देऊ नकोस, नुसती दे. सूनबाईच्या मनात शंका असेल तर तिला हे पत्र वाचायला दे, नाहीतर पुण्यात एखाद्या चांगल्या डॉक्टरांना विचारू दे. विचारण्यात काही वावगं नाही.

आणि हे कशानं झालं, असं त्यांना मुळीच विचारू नकोस. १९९६ साली ट्रॅक्टरखाली पाय सापडला तेव्हा त्यांना रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. त्यातूनच झालं असेल, किंवा कुठल्या सुईतून. डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. वीस-वीस वर्षं हा विषाणू काही लक्षण न दाखवता अंगात राहतो. कारण कळलं तरी गोळ्या त्याच घ्यायच्यात. तुझ्या एका प्रश्नानं मात्र त्यांना वाटेल, घरच्यांचाही संशय आहे.

माझी तपासणी झाली, निगेटिव्ह आली. तू कॉलेजात असताना बाबांचंच रेझर वापरायचास, म्हणून तूही रक्त तपासून घे. घाबरण्यासारखं काही नाही, पण टाळू नकोस.

आपले पाहुणे आता कावीळ उतरवणाऱ्यांचे पत्ते देऊ लागलेत. झाडपाला, काढे, नाकात टाकायचं औषध, सगळं सांगून झालं. मी कुणालाही दुखावत नाही आणि घरात काही येऊही देत नाही. लिव्हरवर आधीच भार आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावंसुद्धा डॉक्टरांनी लिहून घेतली, कारण काही औषधं या गोळ्यांबरोबर चालत नाहीत. काकांचा फोन तुला आला तर तूही हेच सांग.

तुझ्याकडून आणखी दोन कामं हवीत. कागदांवरच्या काही सूचना कन्नडमध्ये आहेत. नर्सबाई मराठीत सांगतात, पण गर्दीत सगळं लक्षात राहत नाही. तुला कन्नड वाचता येतं. मी फोटो पाठवते, तू वाचून नीट मराठीत लिहून पाठव. दुसरं, रात्री जेवणानंतर त्यांना फोन करत जा. "गोळी घेतली का" हे मी बघते. तू शेताचं विचार, भाताचं विचार, भजनाचं विचार.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनएची तपासणी होईल. त्यात विषाणू दिसला नाही म्हणजे बरे झाले. पहिली, अँटीबॉडीची तपासणी मात्र पुढंही पॉझिटिव्हच येत राहते, हे आत्ताच लक्षात ठेव, म्हणजे उद्या कुठं ती पाहून घाबरायला नको. गोळ्यांनंतरच्या त्या आरएनएच्या तपासणीला मी जाईनच, पण तूही रजा काढून ये. त्यांना तू बरोबर हवा आहेस. ते स्वतः कधीच म्हणणार नाहीत.

तारीख कळली की कळवते. छोटीला गोड पापा.

तुझी,
आई