गोल्फ कोर्सची हिरवळ बघितली, आता पाण्याचं मीटरही दाखवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, नवी मुंबईत गोल्फ कोर्स आले तर चांगलंच आहे, हिरवळ वाढेल, हवा सुधारेल, पर्यावरणवाल्यांना काय प्रत्येक गोष्टीत खोडा घालायची सवयच लागलीय वगैरे. वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितोय. मी ॲग्रीचा माणूस, नोकरीची बरीच वर्षं खतं-औषधं विकण्यात गेली आणि त्यात काही गोल्फ क्लबही गिऱ्हाईक होते, त्यामुळे ही हिरवळ कशी उभी राहते ते जवळून बघितलंय. गोल्फवर माझा राग नाही, खेळणाऱ्यांवर तर अजिबातच नाही. पण हिरवं दिसलं की झालं पर्यावरण, हे काही पटत नाही.

आधी ग्रीन म्हणजे काय ते सांगतो, ज्या तुकड्यात भोक आणि झेंडा असतो तो. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं, दोन दिवसांच्या दाढीच्या खुंटांसारखं, आणि त्यासाठी बहुतेक रोज सकाळी मशीन फिरवावं लागतं. चांगल्या कोर्सवर त्याच्याखाली माती नसते, फूटभर वाळू असते आणि तिच्याखाली खडी, म्हणजे पाणी झटकन निचरून जावं. आता वाळूत खत टिकतं का? नाही टिकत, म्हणून थोडं थोडं सारखं घालत राहायचं, त्यात इतकं खुडलेलं गवत कायम आजारी पडायच्या बेतात, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे बुरशीची चंगळच, मग मार मॅन्कोझेब, मार प्रोपिकोनाझोल, दोन दिवस ऊन पडलं की परत मार. सगळे ग्रीन मिळून भरतात एक-दीड हेक्टर, त्यामुळे औषधाचं एकूण प्रमाण फार प्रचंड असतं असं मी म्हणणार नाही. पण खडीच्या खाली पाइप असतो आणि पाइपाच्या पुढे नाला असतो. नाशिकच्या द्राक्षवाल्याचा माल निदान एक्स्पोर्टला जाताना लॅबमध्ये तपासला जातो, औषधाचा अंश जास्त निघाला तर माल अडकतो. गोल्फ कोर्सच्या नाल्याचं पाणी तपासून त्याचा रिपोर्ट कोणी लोकांसमोर ठेवलाय असं माझ्या तरी बघण्यात नाही.

आता पाणी. कोणाचे आकडे नकोत, आपणच हिशोब करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, हे शाळेतलं गणित. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गवतातून रोज पाचेक मिलिमीटर पाणी उडून जातं. अठरा होलच्या कोर्सवर पाणी देऊन हिरवी ठेवलेली जागा कमी म्हणजे पंचवीस हेक्टर धरू. गुणाकार केला की रोजचे साडेबारा लाख लिटर होतात. माणशी १३५ लिटर हा सरकारी निकष लावला तर नऊ हजारांवर माणसांचं पाणी. २०१६ आठवतंय ना, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ते वर्ष? तेव्हा आयपीएलच्या मैदानांसाठी साठ लाख लिटर पाणी लागणार म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं, केवढा गदारोळ झाला, आणि कोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला लावल्या. तेवढं पाणी एका गोल्फ कोर्सला वरच्या हिशोबाने पाच दिवस पुरतं. क्रिकेट सगळ्यांना टीव्हीवर दिसतं, गोल्फ कंपाउंडच्या आत चालतं, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आता यावर लगेच उत्तर येतं की आम्ही एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतो. उत्तम! खरंच वापरत असतील तर मी स्वतः टाळ्या वाजवीन, कारण नाहीतर ते खाडीतच जायचं. पण किती एसटीपीचं, किती बोअरचं, किती टँकरचं? पाण्याचा पहिला हक्क पिण्याचा, मग शेतीचा, मग कारखान्याचा, असा आपल्या राज्याचा क्रम आहे, त्यात गोल्फ नक्की कुठल्या खणात बसतो ते एकदा कोणीतरी सांगावं. फ्रान्समध्ये २०२२ च्या दुष्काळात लोकांच्या बागांना पाणी बंद आणि गोल्फच्या ग्रीनला सूट असं झालं, तर तुलूजजवळ कार्यकर्त्यांनी रात्री जाऊन भोकांत सिमेंट भरलं. असले उद्योग करा असं मी म्हणत नाहीये, पण चीड का आली ते समजतं.

आणि गंमत सांगू का, उष्ण देशातल्या बहुतेक कोर्सवर जे बर्म्युडा गवत लावतात ती आपली हरळीच, नाहीतर हरळीची संकरित जात. जी शेतातून खणून काढता काढता शेतकऱ्याची कंबर मोडते तीच! हरळीला मरण नाही हो. उन्हाळ्यात पिवळी पडते, झोपी जाते, पहिल्या दोन पावसांत परत उठते. म्हणजे फेअरवेला, ग्रीनपर्यंत जाणाऱ्या त्या लांब गवताच्या पट्ट्याला, मे महिन्यात जे पाणी पाजतात ते बरंचसं गवत जगवायला नसतंच, ते रंगाला असतं, अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या टुर्नामेंटसारखं दिसावं म्हणून. जिथे हा खेळ वाढला त्या ब्रिटनमध्ये २००६ साली हॉयलेकला ओपन ही मोठी स्पर्धा झाली तेव्हा आख्खं मैदान वाळून तपकिरी झालेलं होतं आणि टायगर वूड्स त्याच्यावरच जिंकला, काही अडलं नाही. आपल्याकडेही लहान गावांत, कॅन्टोन्मेंटमध्ये ग्रीनऐवजी वाळूत तेल कालवून केलेले ‘ब्राउन’ असायचे (ते जळकं ऑइल जमिनीत मुरायचं तो भाग वेगळा, तेही काही सोवळं प्रकरण नव्हतं). मुद्दा काय, फक्त ग्रीन आणि टी (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) ओले ठेवले आणि फेअरवे जूनपर्यंत पिवळे राहू दिले तरी पाणी कितीतरी वाचेल. मेंबर कुरकुर करतील. करू देत.

पाण्याचं अजून निस्तरता तरी येतं, जागेचं येत नाही. सीवूड्सच्या एनआरआय कॉम्प्लेक्समागची, टीएस चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेजवळची पाणथळ जागा घ्या. ठाणे खाडीत भरती आली की चिखलाचे पट्टे पाण्याखाली जातात, मग फ्लेमिंगोंना उभं राहायला उथळ पाणी लागतं आणि ते या तळ्यांवर येऊन थांबतात, आमच्या नेरुळमधली पोरंसोरंही भरतीची वेळ बघून तिकडे जातात. तिथे गोल्फ कोर्स करायचा म्हणजे आधी भराव टाकावा लागणार, फेअरवे काही गुडघाभर खाऱ्या पाण्यात होत नाही. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या बेताला चाप लावला, पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिकडे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर (२०१५), महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आली (२०२२), आणि भरतीच्या चार तासांत त्याच पक्ष्यांनी जायचं कुठे याचं उत्तर गोल्फ! गोव्यात तेरेखोलच्या पठारावर गोल्फ रिसॉर्ट येणार म्हणून गावकरी आणि कुळं उभी राहिली, तिथेही वाद शेवटी कोर्टातच गेला. दोन्हीकडे भांडण खेळाशी नव्हतंच, आधी तिथे काय होतं याच्याशी होतं.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. चेंबूरचा जुना गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, तो नसता तर तिथे आज टॉवर असते. कोलकात्याला टॉलीगंजच्या कोर्सवर अजून कोल्हे फिरतात. खारघरचा सिडकोचा कोर्स शंभर हेक्टरच्या आसपास आहे, वर पांडवकड्याचा डोंगर, पावसाळ्यात पाणी धो धो खाली येतं. तिथे तळी राखली, कडेचं रानगवत न कापता सोडलं, फवारणी आवरली, तर तो कोर्स खरंच कामाचा होऊ शकतो. अशा गोष्टी तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था जगात आहेत, अमेरिकेत ऑडुबॉनचा कार्यक्रम १९९१ पासून चालू आहे. फक्त हा सगळा ऐच्छिक मामला.

म्हणून सिडकोला आणि नवी मुंबई, पनवेल या दोन्ही महापालिकांना तुमच्या पेपरातून एवढं विचारायचंय की प्रत्येक गोल्फ कोर्सच्या गेटवर एक बोर्ड लावायला काय हरकत आहे? या महिन्यात एसटीपीचं पाणी किती, बोअरचं किती, कुठलं औषध किती लिटर मारलं, नाल्याच्या पाण्याचा रिपोर्ट काय. आणि कुठल्याही नव्या कोर्सची फाइल पुढे सरकवण्याआधी त्या जागेचा भरतीच्या वेळचा फोटो फाइलला लावा, ओहोटीचा नको.

आपला,
एक वाचक, नेरुळ