पुस्तकाचे पैसे परत मिळाले, टिपणांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-पुस्तकांच्या मालकीविषयी कालच्या अंकात आलेला लेख वाचला. दुकान बंद झाले तरी ग्राहकाला पैसे परत मिळतात, तेव्हा विज्ञानकथांच्या वाचकांनी एवढा गहजब करण्याचे कारण नाही, असे लेखकाने शेवटच्या परिच्छेदात म्हटले आहे. बाकीच्या लेखाविषयी माझी तक्रार नाही. या एका वाक्याने मात्र मला रात्रभर अस्वस्थ केले.

मी ज्या दुकानातून ई-पुस्तके घेत असे, ते तीन वर्षांपूर्वी बंद झाले. तिथे घेतलेल्या एका विज्ञानकादंबरी-मालिकेचे सहा खंड मी आणि माझ्या मुलीने एकाच खात्यावरून, पाळीपाळीने वाचले होते. माझ्या खुणा पिवळ्या, तिच्या हिरव्या. कोणत्या ग्रहावरचे वर्ष किती दिवसांचे, कोणते घराणे केव्हा फितूर झाले, याचा हिशेब मी टिपणांत ठेवत असे. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि दुसऱ्याच खंडात एका सेनापतीच्या भाषणाखाली तिने लिहून ठेवले होते, ‘बाबा, हा खोटं बोलतोय.’ तो खोटे बोलत होता, हे मला पाचव्या खंडात कळले. दुकान बंद होणार अशी सूचना आली तेव्हा पुस्तके उतरवून घेण्याची सोय नव्हती, टिपणे बाहेर काढण्याचीही नव्हती. म्हणून रात्री जागून मी ती पडद्यावर बघून वहीत लिहू लागलो आणि तिसऱ्या खंडाच्या नवव्या प्रकरणापर्यंत पोचलो. ठरलेल्या तारखेला सकाळी ॲप उघडले, तर सहाही मुखपृष्ठे करडी पडली होती आणि त्यांतले एकही उघडत नव्हते. पैसे आठवड्याभरात जमा झाले, पूर्ण जमा झाले.

अशा घटना लेखकाला माहीत नसाव्यात असे नाही. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके, विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावरून परस्पर काढून घेतली होती. तेव्हाही पैसे परत केले होते. तरीही एक विद्यार्थी न्यायालयात गेला, कारण पुस्तकच नाहीसे झाल्यावर त्याच्या अभ्यासाच्या टिपणांना अर्थ उरला नव्हता. पुढे कंपनीने ती पुस्तके टिपणांसह परत देऊ केली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा, ज्यांनी पुस्तकांत खुणा किंवा टिपणे केली होती त्यांना मूळ रकमेशिवाय २५ डॉलर जास्तीचे दिले. म्हणजे टिपणे ही वाचकाची वेगळी वस्तू आहे, हे विक्रेत्यांनीच मान्य केलेले आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा व्यवहाराला ‘खरेदी’ म्हणण्यास मनाई केली, हे चांगलेच झाले. पण बटणावरचा शब्द बदलल्याने कोणाची टिपणे शाबूत राहत नाहीत. दुकान बंद करणाऱ्याने वाचकाची टिपणे, ज्या ओळींवर ती केली आहेत त्यांच्या उल्लेखासह, आधी त्याच्या हाती द्यावीत, अशी सक्ती हवी. लेखात याविषयी चकार शब्द नाही.

आणखी एक. हा लेख आपण ‘हटके’ या पानावर, हिरव्या परग्रहवासीयाच्या चित्रासह छापला आहे. विज्ञानकथा वाचणारी माणसे प्रौढ असतात आणि विषय ग्राहकहक्काचा होता. त्याची जागा अर्थविषयक पानावर होती.

माझी वही अजून माझ्याजवळ आहे. मुलीची टिपणे मी त्यात हिरव्या पेनाने उतरवली आहेत, परंतु अक्षर माझेच आहे, आणि नजर चुकवण्याची सेनापतीची जी खोड तिने चौथ्या खंडात कुठेतरी टिपून ठेवली होती, ती त्यात नाही.

आपला,
एक नियमित वाचक